गावाच्या घड्याळावर चालणारं थायलंड

मुंबईहून रात्रीचं विमान, बँकॉकमध्ये खरेदी, पट्टायाला बोट, फुकेतला समुद्र आणि परतताना बॅगेत सुक्या आंब्याची पाकिटं. आपल्याकडून निघणाऱ्या थायलंड सहलींचा साचा असा ठरून गेला आहे. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पहिल्या फेरीला तो बरा आहे. पण दुसऱ्यांदा जायचं मनात असेल तर बँकॉकहून समुद्राकडे न वळता ईशान्येची गाडी धरा.

या ईशान्य भागाला इसान म्हणतात. वीस प्रांत, देशाची जवळपास एक तृतीयांश जमीन आणि लोकसंख्येतला वाटाही साधारण तेवढाच. मधोमध खोरातचं पठार, उत्तरेला आणि पूर्वेला मेकाँग नदी व तिच्यापलीकडे लाओस, दक्षिणेला कंबोडिया. बोली लाओ भाषेच्या जवळची, जेवण तिखट, शेती बहुतेक पावसाच्या भरवशावरची. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणारे, हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या, कोपऱ्यावर कच्च्या पपईची सोम ताम कुटून देणाऱ्या बायका यांच्यातले कितीतरी जण मूळचे इथले. परदेशी पर्यटक मात्र या बाजूला तुरळकच फिरकतात.

इसानात ‘पॉइंट’ शोधत फिरणाऱ्याची निराशा होते. इथे बघायचं ते गावाचं रोजचं जगणं, आणि ते आपल्या सोयीच्या वेळी दिसत नाही. पहाटेची भिक्षा, सकाळचा बाजार, दुपारची शेवटची गाडी, महिन्यातले चार पवित्र दिवस, भाताचा हंगाम अशा ठरलेल्या वेळांवर गाव चालतं. सकाळी दहाला नाश्ता करून बाहेर पडणाऱ्याला रिकामे रस्ते आणि झोपलेली कुत्री दिसतात आणि तो परत येऊन सांगतो, तिथे काही नाही. म्हणून पहिला सल्ला असा: पाच ठिकाणं करू नका. एक गाव धरा आणि तिथे निदान चार रात्री राहा.

कुठलं गाव? पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाला मी बुरीराम प्रांत सुचवेन. तिथल्या विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर फनोम रुंग हे ख्मेर राजवटीतलं शिवमंदिर आहे, दहाव्या ते तेराव्या शतकांत टप्प्याटप्प्याने बांधलेलं. त्याची पंधरा दारं एका रेषेत आहेत आणि वर्षातून चार वेळा उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा किरण त्या पंधराही दारांतून आरपार जातो. एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत सूर्योदयाला, मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्यास्ताला. दारावरची शेषशायी विष्णूची शिळा मधल्या काळात चोरीला जाऊन शिकागोच्या संग्रहालयात पोहोचली होती. थाई लोकांनी मोठी ओरड केल्यावर 1988 मध्ये ती परत आली. डोंगराच्या पायथ्याशी मुआंग ताम हे दुसरं मंदिर आहे आणि त्याला लागूनच बान खोक मुआंग हे होमस्टेचं गाव. दिवसा मंदिर, संध्याकाळी गाव अशी सोय त्यामुळे एकाच जागी होते.

डोंगर हवे असतील तर इसान सोडून उत्तरेचा नान प्रांत घ्या. तिथल्या बो क्लुआ गावात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, विहिरीचं खारं पाणी उकळून मीठ काढतात. नानला रेल्वे नाही, बस किंवा विमान. मेकाँगकाठच्या चियांग खानबद्दल सगळे भरभरून बोलतात. गाव सुंदर आहे, पण शनिवार-रविवारी बँकॉकची गर्दी तिथे उतरते. जायचं तर मंगळवारी जा.

बुरीराम, सुरिन, सिसाकेत आणि उबोन रात्चाथानी या प्रांतांबाबत एक इशारा. 2025 च्या जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली. सीमेलगतच्या मंदिरांचा हट्ट धरू नका, आणि तिकीट काढण्याआधी भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना बघा. परिस्थिती तापलेली असेल तर उत्तर इसान, म्हणजे लोय, उदोन थानी, नोंग खाय हा पट्टा निवडा.

जायचं रेल्वेने. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी 2023 पासून बँकॉकच्या नव्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून सुटतात. जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊन उभे राहू नका. नाखोन रात्चासीमा शहराजवळ मार्गाला दोन फाटे फुटतात. एक उत्तरेला खोन केन, उदोन थानीवरून नोंग खायला, दुसरा पूर्वेला बुरीराम, सुरिनवरून उबोनला. एक बाजू तरी दिवसाच्या गाडीने करा. खोरातच्या आसपास खिडकीतून टॅपिओकाची शेतं दिसत राहतात. आपल्या उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा, आणि त्याच्या उत्पादनांची निर्यात करण्यात थायलंड जगात पहिला आहे.

रेल्वे तुम्हाला शहरापर्यंत नेते. पुढे सोंगथाव, म्हणजे मागे छत घालून समोरासमोर दोन बाकं बसवलेला पिकअप. त्याचं वेळापत्रक गावकऱ्यांच्या सोयीचं असतं: सकाळी गावातून शहराकडे, शाळेची मुलं आणि बाजाराच्या टोपल्या घेऊन, आणि दुपारी शहरातून गावाकडे. आपली दिशा नेमकी उलटी. सकाळी आरामात शहरात उतरलात तर गावाकडची गाडी दुपारी एक-दोनपर्यंत हलत नाही, आणि तीननंतर बहुधा मिळतच नाही. तेव्हा शहरात सकाळी पोहोचा, बाजारात वेळ काढा, जेवा आणि दुपारची गाडी धरा. गावाचं नाव थाई लिपीत लिहून मोबाइलमध्ये ठेवा. इंग्रजी स्पेलिंग वाचून दाखवण्यात अर्थ नाही, उच्चार हमखास चुकतो. उतरायचं असेल तेव्हा छताजवळची घंटा दाबायची, खाली येऊन चालकाला पैसे द्यायचे. सुटे जवळ हवेत.

भाड्याने स्कूटर घेण्याचा मोह होईल. आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, रस्ते चांगले, गर्दी नाही. पण आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना, आणि त्यावर दुचाकीची नोंद, नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. ज्याला इथे दुचाकीची सवय नाही त्याने ती तिथे शिकू नये.

आता दिवसांबद्दल. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. थाई बौद्ध परंपरेत शुद्ध आणि वद्य अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या हे ‘वान फ्रा’, पवित्र दिवस. त्यांचं पंचांग वेगळं असल्याने एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तो तिथे गेल्यावर विचारून घ्या. यातला निदान एक दिवस तुमच्या मुक्कामात येईल अशा तारखा निवडा. त्या सकाळी गावातली म्हातारी माणसं पांढऱ्या कपड्यांत, डबे आणि टोपल्या घेऊन विहारात जमतात. भिक्षूंचं जेवण झाल्यावर उरलेलं सगळे मिळून खातात, आणि मागे बसलेल्या पाहुण्याला कुणीतरी हाताला धरून पंगतीत ओढतंच. गाव तुम्हाला ओळखायला लागतं ते तिथून.

महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकाला या विहारात परकं वाटायचं कारण नाही. त्रिसरण आणि पंचशील पाली भाषेतच म्हणतात. उच्चार थाई वळणाचे असल्याने पहिल्या ओळीला कान बिचकतो, दुसरीला आपण सोबत म्हणू लागतो. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इसानात ‘बुन फावेत’ हा उत्सव होतो. त्यात वेस्संतर जातकाचं दिवसभर पठण चालतं आणि ती कथा रंगवलेलं लांबच लांब कापड मिरवणुकीने विहारात आणतात. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात तुम्ही पाहिलेली दानशूर राजपुत्राची चित्रकथा तीच.

विहारातले नियम थोडे पण कडक. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. पाय मूर्तीकडे किंवा भिक्षूकडे करून बसायचं नाही. बायका-पुरुष दोघंही पाय एका बाजूला दुमडून बसतात. सवय नसेल तर दहा मिनिटांत मुंग्या येतात, तेव्हा हळूच बाजू बदलावी. बाईने भिक्षूला स्पर्श करायचा नाही, वस्तूही हातात द्यायची नाही. तो समोर कापड पसरतो, त्यावर ठेवायची. हे पटो न पटो, तिथे त्यावर वाद घालू नये.

भाताच्या दृष्टीने पाहिलं तर नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यांत चांगला: कापणी चालू, हवा गार, रस्ते कोरडे. जून ते ऑगस्ट लावणीचा काळ, सगळं हिरवंगार, पण चिखल आणि पावसाची तयारी हवी. मार्च-एप्रिल टाळा. उन्हाळा कडक, आणि उत्तरेत शेतं-जंगलं जाळल्यामुळे आठवडेच्या आठवडे धूर. अपवाद 13 ते 15 एप्रिलच्या सोंगक्रानचा, थाई नववर्षाचा. बँकॉकला गेलेली सगळी मुलंबाळं तेव्हा गावी येतात, घरं भरतात, नातवंडं आजी-आजोबांच्या हातांवर सुगंधी पाणी ओततात. पण त्या आठवड्याची तिकिटं फार आधी काढावी लागतात. मे महिन्यात यासोथोनला पावसासाठी बांबूचे अग्निबाण आकाशात सोडतात. जून-जुलैत दान साय इथे ‘फी ता खोन’च्या भुताच्या मुखवट्यांची मिरवणूक निघते. तिची तारीख दरवर्षी गावातले देवऋषी ठरवतात, त्यामुळे विमानाचं तिकीट त्याआधी काढणाऱ्याने नशिबावर हवाला ठेवावा. त्या मुखवट्यांचा वरचा भाग म्हणजे भात वाफवायची बांबूची टोपली.

ही टोपली जिथे रोज वापरात असते तिथे, म्हणजे यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात, एका पहाटे पाच वाजता जाऊन बसा. आदल्या रात्री भिजत घातलेला चिकट तांदूळ शंकूच्या आकाराच्या टोपलीत घालून ती कमरेत निमुळत्या अॅल्युमिनियमच्या भांड्यावर ठेवलेली असते. खाली पाणी उकळत असतं, भाताला पाण्याचा स्पर्श नाही, नुसती वाफ. अर्धा भात शिजला की बाई टोपली उचलून एक हिसका देते आणि आतला अख्खा गोळा उलटा होऊन परत टोपलीत बसतो. आपण करून बघू नये. भात चुलीत जातो. शिजल्यावर तो लाकडी परातीवर पसरून उलथण्याने हलवतात, वाफ निघून जाऊ देतात, आणि झाकणाच्या छोट्या विणलेल्या टोपलीत, क्रातिपमध्ये, भरतात. सहाच्या सुमारास भिक्षू अनवाणी रांगेने येतात तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून प्रत्येकाच्या पात्रात या भाताची एकेक चिमूट टाकायची. इसानच्या गावांत रस्त्यावर बहुधा नुसता भात देतात, कालवणं मागाहून विहारात पोहोचतात. तुम्हालाही द्यायचा असेल तर बाईंना आदल्या रात्री सांगा, त्या तांदूळ वाढवतील. फोटो काढायचे तर लांबून, फ्लॅश बंद करून. भिक्षूंच्या तोंडासमोर मोबाइल धरणारे पर्यटक लाओसच्या लुआंग प्राबांगमध्ये इतके झाले की तिथे सूचनांचे फलक लावावे लागले.

जेवताना हा भात उजव्या हाताने थोडा तोडून, गोळी करून, चटणीत किंवा कालवणात बुडवून खातात. हाताने जेवणाऱ्या माणसाला इथे कुणी हसत नाही. झाकण लगेच लावा, नाहीतर भात वाळून दगड होतो. साध्या भाताला चमचा आणि काटा: चमचा उजव्या हातात, काट्याने त्यात ढकलायचं. काड्या फक्त नूडल्सना.

शाकाहाऱ्यांनी मात्र इथे डोळे उघडे ठेवून जावं. ‘व्हेज’ म्हटल्यावर मिळणाऱ्या भाजीत माशाचा सॉस असतो, सूपला डुकराच्या हाडांचं पाणी असतं, सोम ताममध्ये सुकी कोळंबी आणि इसानी पद्धतीत ‘प्ला रा’, म्हणजे आंबवलेला मासा. देणाऱ्या बाईच्या मते त्यात मांस नाहीच. कामाचा शब्द आहे ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतलं हे कडक शाकाहारी जेवण, त्यात दूध-अंडीही नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. जैन वाचकांना कंदमुळं सोडता हे चालेल. पिवळ्या फलकावर लाल थाई अक्षरांत ते लिहिलेलं असतं, पहिल्या नजरेला 17 आकड्यासारखं दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात याचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा लहान शहरांतही ही दुकानं लागतात. एरवी तीन वाक्यं पाठ करा: ‘माय साय नाम प्ला’, माशाचा सॉस घालू नका, ‘माय साय प्ला रा’, आणि कोळंबीच्या वाटणासाठी ‘माय साय कापि’. शेवटी पुरुषांनी ‘ख्राप’, बायकांनी ‘खा’ जोडायचं, नाहीतर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. सकाळच्या बाजारात भाजलेली केळी, बांबूच्या नळीतला नारळाच्या दुधातला भात आणि केळीच्या पानात गुंडाळलेला केळं-भात हमखास मिळतो. सोबत मेतकुटाची एक पुडी ठेवा. चिकट भात आणि मेतकूट यांचं इतकं जमतं की यजमानीणबाई पुडी परत मागतात.

मांसाहाऱ्यांनाही एक पथ्य. कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशाचा ‘कोय प्ला’ आग्रहाने पुढे येईल. त्यातून यकृतात जाणाऱ्या कृमीमुळे पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या भागांपैकी इसान एक आहे. हसून, पोटावर हात ठेवून नको म्हणा. तसंच, पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी उतरू नका. इथल्या मातीत आणि पाण्यात मेलिऑइडोसिस या गंभीर आजाराचे जंतू असतात. लावणीत हौसेने हात घालायचा असेल तर बूट मागून घ्या. मधुमेह असलेल्यांना याचा धोका अधिक, त्यांनी बांधावरूनच बघावं. डासांचं मलम, प्रवास विमा, रुग्णवाहिकेचा 1669 आणि पर्यटक पोलिसांचा 1155 हे क्रमांक जवळ असू द्या.

घरात वागण्याचं फार अवघड नाही. चपला पायरीखाली. उंबऱ्यावर पाय नाही. लहान मुलाच्याही डोक्यावरून हात फिरवायचा नाही. नहाणीत मोठा हौद आणि तांब्या. आंघोळ संध्याकाळी, जेवणाआधी, कारण दिवसभराच्या घामाने जेवायला बसणं तिथे बरं समजत नाहीत. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण ‘पाय नाय’, कुठे निघालात, असं विचारेल. चौकशी नाही ती. ‘पाय थिआव’, असंच फिरायला, एवढं उत्तर पुरे. सकाळी गावच्या भोंग्यावरून पोलीसपाटलासारख्या ‘फू याय बान’च्या घोषणा सुरू होतात, तेव्हा उशिरापर्यंत झोपायचा बेत तसाही फसतोच. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्थानकावर किंवा शाळेजवळ राष्ट्रगीत लागलं की जागच्या जागी उभं राहा. राजघराण्याबद्दल थट्टा, टीका, समाजमाध्यमावरची टिप्पणी काहीच करू नका. कलम 112 खाली एका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं कैद आहे आणि परदेशी म्हणून सूट नाही.

गावाबाहेर झाडांचा एक दाट पुंजका दिसेल, मध्ये लाकडी छोटं देऊळ. तो ‘दोन पू ता’, ग्रामपूर्वजांचा. कोकणातल्या माणसाला देवराई म्हटलं की जे कळतं तेच इथलं: फांदी तोडायची नाही, आत घाण करायची नाही, गावातलं कुणी सोबत असल्याशिवाय शिरायचं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीयांना व्हिसाची सूट 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि तिचे दिवस नंतर बदलत गेले, म्हणून निघण्याच्या आठवड्यातला नियम थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. 1 मे 2025 पासून आगमनाचा डिजिटल फॉर्म पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावा लागतो. तो फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. होमस्टेवाले पासपोर्टचा फोटो मागतील तर बिचकू नका, परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांत करणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. गावात परदेशी कार्ड चालेलच असं नाही, आणि एटीएम दर वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क कापतं. शहरातून एकदाच पुरेशी रोकड काढा, शंभराच्या आणि विसाच्या नोटा जास्त. नोट खाली पडली तर पायाने अडवू नका, तिच्यावर राजाचं चित्र असतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी घरचे कदाचित मनगटावर पांढरे दोरे बांधतील, आशीर्वाद पुटपुटत. निदान तीन दिवस ते ठेवावेत, आणि मग कात्री न लावता सोडावेत. पैसे त्याच संध्याकाळी, मोजून, पाकिटात घालून, कर्त्या बाईच्या हातात द्या. घासाघीस आधी ठरवताना करायची असते, शेवटी नाही. सकाळच्या सोंगथावला तुमच्यासाठी थांबायला सांगा, तो साडेसहालाही सुटतो. रात्रीच्या गाडीचा खालचा बर्थ थोडा महाग पण रुंद असतो, तोच घ्या, आणि बँकॉकला पोहोचण्याचा दिवस व विमानाचा दिवस एक ठेवू नका, कारण इसानच्या गाड्यांना उशीर होतो.